बुधीमावशीचे हात

बुधीमावशीला स्वस्थ बसलेली मी एकदाच पाहिली. मोखाड्याच्या एका आश्रमशाळेत आम्ही दोघींनी अकरा वर्षं काढली, मी अधीक्षिका आणि ती स्वयंपाकीण. एवढ्या काळात ती कधी पायरीवर टेकली, भिंतीला पाठ लावून घटकाभर थांबली, असं मला आठवत नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानं, चुलीजवळच्या खांबाशी, डाव्या तळहातावर ताट घेऊन. मुख्याध्यापकांनी मीटिंगला बोलावलं की ती दारात उभी राहायची आणि तिथूनही अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे. कुणी बस म्हटलं तर सांगायची, "बसला का पाय दुखतात." हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की नव्या माणसाला वाटावं, खरंच काहीतरी आजार असेल.

बुटकी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आणि त्या गोंदणावर भाजल्याचे डाग. आडनाव मस्टरवर होतं, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. बुधवारी जन्मली म्हणून बुधी, आणि तीनशे मुलांची मावशी. माहेर जव्हारकडच्या वावर गावचं. लग्नानंतर काही वर्षं नवऱ्याबरोबर भिवंडीला वीटभट्टीवर काढली होती, तेवढ्यापुरतं हिंदी तिला येत असे. नवरा गेल्यावर ती इथे लागली, आणि लागली ती लागलीच.

तिच्या स्वयंपाकघरात एक आवाज चालत नसे. टोपाच्या तळाला डाव घासल्याचा आवाज. आमटी संपत आली की तो खर्र आवाज येतो, तो. तळ दिसायच्या आत ती टोपावर झाकण घालायची आणि दुसरा टोप पुढे ओढायची. झाकलेल्या टोपात चार माणसांची आमटी रोज उरायची. ती उशिरा आलेल्या पोराला, गावातल्या म्हातारीला, नाहीतर कुत्र्यांना. मुख्याध्यापक वैतागायचे, मीही वैतागायचे. मोजून रांध म्हणून मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसरी खोड मात्र मला झोंबली. ती कुणाच्या हातून काही घेत नसे. चहाचा कप पुढे केला तरी हात पदराखाली. "ठेवा तिथं," म्हणायची. कप खाली ठेवला की मग उचलायची. पगाराची पावती, औषधाची गोळी, मुलांनी आणलेली करवंदं, सगळं आधी खाली ठेवायचं. पहिल्या दिवाळीला मी तिच्यासाठी लुगडं आणलं. माझ्या हातातून न घेता तिनं मला ते पोत्यावर ठेवायला सांगितलं.

मी नांदेडची. आमच्या गावाकडे हातात न देता, हातातून न घेता वस्तू खाली ठेवायला लावण्याचा एकच अर्थ होतो, आणि तो मी लहानपणी पुष्कळ भोगलेला आहे. माझं डोकं सणकलं. शिकून सवरून डोंगरात नोकरीला आले, तर इथेही हेच. लुगडं पोत्यावर आपटलं आणि महिनाभर मी तिच्याशी कामापलीकडे बोलले नाही. तिच्या ते ध्यानातही आलं नसावं. नंतर पाहिलं, ती मुख्याध्यापकांनाही तेच सांगते, स्वतःच्या सख्ख्या भावालाही तेच. तेव्हा राग गेला, पण कोडं राहिलं. विचारलं तर "सवय," एवढंच.

मग तो सरदारजी आला. पाणीयोजनेचे पाइप घेऊन ट्रक येत होता, आमच्या वळणावर त्याचा अॅक्सल तुटला. जव्हारहून सुटा भाग यायला दोन दिवस लागणार होते. साठीचा माणूस, पांढरी दाढी, निळी पगडी. शाळेच्या ओट्यावर त्यानं पथारी टाकली, आणि रिकामं बसवेना म्हणून मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला लागला. मावशीला हे फार आवडलं. रिकामा न बसणारा माणूस तिला आयुष्यात प्रथमच भेटत होता.

जेवायच्या वेळी मात्र गंमत झाली. मावशी भाकरी घेऊन आली, तर त्यानं डोक्यावरची पगडी नीट केली, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले आणि तसाच थांबला. मावशी बिचकली. तिनं भाकरी ताटात टाकली आणि मागे सरकली. त्यानं हसत ती उचलली, कपाळाला लावली आणि खाल्ली. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच, आणि तिनंही पुन्हा ताटातच टाकली. संध्याकाळी मावशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एवढा मोठा माणूस, स्वतःचा ट्रक, आणि नागलीच्या भाकरीसाठी हात पसरतो, त्याला लाज कशी वाटत नाही, असं तिचं म्हणणं. तिला खरोखर त्रास झाला होता.

जाताना त्या माणसानं तिला सांगितलं की तुझ्यासारखं रांधणाऱ्या लोकांची एक जागा नांदेडला आहे. गुरुद्वाऱ्याचा लंगर. कुणी यावं, जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, सगळ्यांना एका ओळीत बसवून जेवायला घालतात. मावशीनं त्याला एकच प्रश्न विचारला, किती वाजता सरतं? तो म्हणाला, सरत नाही. ट्रक गेला आणि तो शब्द मागे राहिला.

त्यानंतर मावशीनं माझा पिच्छा पुरवला. मी नांदेडची म्हणजे जणू त्या लंगरचा ताबा माझ्याकडेच. तपासणीला साहेब आलेले असावेत, मी फायली शोधत असावी, आणि ही दारात. "बाई, तुमचे गावाला खरा सरत नाय?"

नाही सरत, मी म्हणायचे.

"तुमी पाह्यला? शेवटची पंगत उठं तवर थांबून पाह्यला?"

नव्हतं पाहिलं. लहानपणी आमच्या घरी चूल पेटली नाही की आई आम्हा भावंडांना घेऊन गोदावरीकाठी तिथेच जायची. डोक्यावर रुमाल, पाय धुऊन आत, ओळीत बसायचं, पोटभर जेवायचं, घरी यायचं. अन्न संपतं का, हा प्रश्न मला तिथे कधी पडलाच नव्हता. मावशीला मी हे सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी हलगर्जीपणा केलाय.

पुढे दोन वर्षांनी आमच्या स्वयंपाकघराची चूल थांबली. आता अनेक शाळांचं जेवण एका मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीनं येऊ लागलं. जेवण गरम असे, स्वच्छ असे, नावं ठेवायला जागा नव्हती. पण मावशीच्या हातातला डाव गेला. तिला वाढायचं आणि भांडी धुवायचं काम उरलं. ती नुसती भिरभिरायची. धुतलेले टोप पुन्हा धुवायची. गाडीच्या वेळेआधी तासभर फाटकात जाऊन उभी राहायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. गाडी दिसली की हुश्श नाही, लगेच मागचं दार उघडून डबे किती ते बघायची. आणि मागच्या पडवीत रोज सकाळी तीन दगडांवर एक मोठा टोप पाणी ठेवून जाळ घालायची. कशाला, म्हणून मुख्याध्यापकांनी दम भरला, लाकडं हलवली, टोप कोठीत ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरून टोप आणला.

श्रावणात एकदा घाटात झाड पडलं आणि रस्ता बंद झाला. गाडी तिकडे, आम्ही इकडे, आणि तीनशे मुलं ताटं घेऊन बसलेली. मुख्याध्यापक फोन लावत येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात मागून नागलीच्या पेजेचा वास आला. मावशीचं पाणी तर रोजच उकळत असायचं, पीठ तिनं घरून आणून डब्यात ठेवलेलं होतं. मुलांना वाटीवाटी गरम पेज मिळाली. मी कौतुक करायला गेले तर तिचा चेहरा पांढराफटक. पेज सर्वांना पुरली होती, पण टोपाचा तळ दिसला होता. ती त्या तळाकडे बघत उभी होती. मला त्या दिवशी तिची भीती वाटली, आणि दयाही आली. मी तिथेच ठरवलं, हिला नांदेडला न्यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. मोखाड्याहून नाशिकपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. रेल्वेतही ती बसली नाही. सीट होती, माझ्या शेजारी रिकामी. ती दाराजवळच्या मोकळ्या जागेत लोखंडी दांडा धरून उभी, काखेला एक फडक्याचं गाठोडं. त्यात नव्या नागलीचं पीठ होतं. डोंगरात नवं धान्य आलं की आधी देवाला आणि वडीलधाऱ्यांना देतात, मगच घरात शिजतं. ही पिठाची पुरचुंडी ती लंगरला देणार होती. तोपर्यंत त्या वर्षीची नागली तिनं तोंडात घातली नव्हती. मी म्हटलं, अगं तिथे पोत्यांनी गहू येतो, तुझी ही मूठभर नागली त्यांना काय होणार. म्हणाली, बघू.

माझ्या आईकडे सामान टाकलं आणि सकाळीच गुरुद्वाऱ्यात गेलो. मावशीनं डोक्यावर पदर घेतला. पाण्यातून पाय धुताना थांबून ते पाणी किती स्वच्छ आहे ते पाहिलं. आत सोनं, संगमरवर, कीर्तन, काही म्हणून तिच्या नजरेत भरलं नाही. तिनं वाकून नमस्कार केला, आणि प्रसादाच्या जागी आलो तशी ती माझ्या पाठीमागे सरकली, हात पदराखाली. शिरा मी घेतला आणि अर्धा तिच्यासाठी पानावर ठेवला. मग ती मला ओढतच म्हणाली, जेवणाकडं चला.

कोठाराच्या दाराशी एक वयस्क सेवेकरी बसला होता. मावशीनं पुरचुंडी पुढे केली. तो उठला, दोन्ही हात ओंजळीसारखे करून पुढे आला आणि त्यात ती घेतली. गाठ सोडून काळसर पीठ पाहिलं, वास घेतला, हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यानं पुरचुंडी कपाळाला लावली आणि पिठाच्या कोठीत ओतून टाकली. गव्हाच्या त्या ढिगात आमची नागली चिमूटभर दिसली आणि पुढच्या पाटीत नाहीशी झाली. मावशी माझ्या कानाशी लागली. "ह्यो पण हात पसरतो, बाई."

पंगतीत मी तिला जवळजवळ खांदे दाबून बसवलं. ताट आलं, डाळ आली. मग रोट्यांची टोपली घेऊन एक तरुण सेवेकरी ओळीनं येऊ लागला. तिथे रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची. मी घेतली. तो मावशीपुढे थांबला. तिचे हात पदराखाली. "ठेवा तिथं," ती ताटाकडे बघत म्हणाली. त्याला कळलं नाही. तो हसून थांबला, रोटी हातात धरून. "हाथ, माताजी." शेजारची माणसं बघू लागली. मावशी एकदम उठली आणि ताट तसंच टाकून बाहेर निघून गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण टाकून उठणं तिथे किती वाईट दिसतं हे मला ठाऊक होतं. मी तिचं ताट माझ्यापुढे ओढून सगळं संपवलं आणि चिडून बाहेर आले. इतक्या लांब आणली, आणि हिनं हे केलं.

ती सापडली रोट्या लाटणाऱ्या बायकांत. कुणी बोलावलं, कसं सांगितलं, देव जाणे. मोठ्या तव्यासमोर उभी राहून ती रोट्या उलटत होती. मला पाहून म्हणाली, तुम्ही जा घरी, मी बघते. दुपारी आले, ती तिथेच. पंगत उठायची, फरशी पुसली जायची, दुसरी बसायची. तिचं सगळं लक्ष डाळीच्या कढईकडे होतं. कढई खाली जाऊ लागली की ती मान उंच करून बघायची, आणि तळ दिसायच्या आत दुसरी भरलेली कढई लागायची. सांज व्हायला आली तरी तेच. शेवटी तिनं शेजारच्या पंजाबी बाईला विचारलं, कब खतम होता है? त्या बाईला प्रश्नच कळला नाही. तिनं मावशीच्या पाठीवर पिठाचा हात ठेवला आणि विचारलं, भूक लागली का.

तेव्हा मावशी तव्यापासून बाजूला आली. मला खांबाआड नेऊन, कुणाची चुगली सांगावी तशा हलक्या आवाजात, तिनं सांगितलं.

"माझी पयली पोरगी. दीड वर्साची होती. त्या साली आमचे कडं लय पोरां भुकेनं गेली, तुमी आयकला असंल. वाटपाची गाडी आलेली. मी पदर पसरून हुभी, सकाळपासून. माझे पुढं दोन बाया होत्या. दोनच. आन् सरला."

पसरलेला पदर तसाच गोळा करून ती घरी गेली होती, पोरगी वाचली नव्हती, आणि त्यानंतर तिनं कुणापुढे हात काढला नव्हता. मला माझ्या त्या लुगड्याची, महिनाभराच्या अबोल्याची इतकी लाज वाटली की मला तिच्याकडे बघवेना.

"चला," ती म्हणाली, "भूक लागली."

आम्ही पुन्हा आत गेलो. ओळ बसत होती. मावशीनं मधली जागा सोडली आणि मुद्दाम अगदी शेवटी जाऊन मांडी घातली. मी तिच्यासमोरच्या ओळीत. पाठ ताठ, पदर डोक्यावर, आणि हात मांडीवर, उघडे. टोपलीवाला वरच्या टोकाकडून येत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात रोट्या मोजत होते. टोपली हलकी होत चालली होती. मावशीपुढे तीन माणसं राहिली तेव्हा तिनं हात वर केले आणि पुढे धरले. एक रोटी गेली. आता दोन माणसं उरली होती. टोपलीवाल्यानं आत हात घातला, टोपली तिरकी केली, आणि रिकामी टोपली घेऊन तो वळून चालू लागला.

उठून जावं आणि माझ्या ताटातली रोटी तिला द्यावी असं वाटलं, पण उठवेना. मावशीनं हात खाली घेतले नाहीत. गोंदणावरचे ते भाजके डाग दिव्यात चकाकत होते, आणि ती त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होती. फार तर मिनिटभर गेलं असेल. मग तो आला, भरलेली टोपली काखेला. दोन माणसांना दिली आणि तिच्या हातांवर रोटी ठेवली. तिच्या ओंजळीकडे पाहून त्यानं आणखी एक ठेवली.

ती लगेच जेवली नाही. रोटी हातात धरून किती तरी वेळ बसून राहिली. घाई नाही, मान वर करून कढई बघणं नाही. मी तिला स्वस्थ बसलेली पाहिली ती हीच.

शाळेत परतल्यावर ती पुन्हा होती तशीच, उभी, भिरभिरणारी, फाटकात जाऊन गाडीची वाट बघणारी. माणूस एका जेवणानं बदलत नाही. पडवीतला टोप मात्र तिनं परत घरी नेला.

गेल्या जूनमध्ये माझी बदली झाली. मोखाड्याच्या स्टँडवर गाडीत सामान लावत होते, एवढ्यात ती गर्दीतून वाट काढत आत चढली. हातात फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, वाफ बाहेर येत होती. माझे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले, आणि अकरा वर्षांची सवय, मी बोलून गेले, ठेव तिथे सीटवर.

ती जागची हलली नाही. मागचे प्रवासी ओरडू लागले, कंडक्टरनं घंटी वाजवली.

"हात काढा, बाई," ती म्हणाली. "दोनी."

मी पिशव्या खाली टाकल्या आणि दोन्ही हात पुढे केले. तिनं त्यात भाकऱ्या ठेवल्या, वरून आपले हात एकदा दाबले आणि उतरली. मी खिडकीतून पाहिलं तोवर ती स्टँड ओलांडून शाळेच्या जीपकडे झपाझप निघाली होती, मागे वळून न बघता, कारण मुलांच्या जेवणाची वेळ होत आली होती. गाडी सुटली. हाताला चटके बसत होते तरी मी भाकऱ्या खाली ठेवल्या नाहीत.